नानांपासून लपवलेल्या रेघा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवीचे विज्ञानाचे पेपर तपासत होते. हातातला पेपर पुरा करून उठले. त्यात फुप्फुसांची आकृती होती, मुलीने ती बरोबर काढली होती. पूर्ण गुण दिले. या गोष्टीला दीड महिना झाला, पण नेमकं काय झालं ते मला स्वतःलाही अजून नीट सांगता येत नाही.

नाना माझे थोरले भाऊ. रावेरजवळ त्यांची केळीची बाग. घड भरायच्या आत ते झाडाला बांबूचा टेकू लावत. "घाई करता, नाना, घड तं लहान हाये अजून," असं शेजारी म्हणाले की नानांचं उत्तर ठरलेलं, "मंग काय, पडल्यावर लावू?"

आतड्याचं मोठं ऑपरेशन ठरलं, जळगावला. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या छातीची आणि पाठीची सोनोग्राफी केली. "मॅडम, माह्यं बाळंतपन हाये का?" नानांनी विचारलं. मॅडमही हसल्या. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पुन्हा तसंच तपासलं, पण या वेळी हसल्या नाहीत. मला आणि वहिनींना बाहेर घेऊन त्यांनी दोन्ही चित्रं दाखवली. आधीच्यात नुसत्या आडव्या रेघा. आताच्यात वरून खाली उतरलेल्या पांढऱ्या रेघा, पाठीच्या बाजूला दाट. तिथे हवा नीट पोचत नाहीये, म्हणाल्या. "एक्सरेत अजून काही नाही. त्रास होईलच असंही नाही, पण शक्यता बरीच आहे. त्यांना बसवा, चालवा आणि हे दर तासाला ओढायला लावा." हे म्हणजे तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात.

"त्याहिले सांगू नका, बाई. घाबरतीन," वहिनी म्हणाल्या. मी मान डोलावली. आमच्याकडे वाईट रिपोर्ट पेशंट सोडून सगळ्यांना सांगतात. धरणगावच्या मामांना तर मीच फोन केला.

"काय दिसलं, बाई?"

"सगळं चांगलं आहे, नाना."

"मंग हे खेळनं कायले?"

"सगळ्यांनाच देतात."

त्यांनी दोनदा ओढलं, एक गोळी उडाली, हसू आलं, टाके दुखले. यंत्र बाजूला. भेटायला येणारा जो तो सांगे, नाना, पडून राहा. सगळं चांगलं आहे असं मीच सांगितलेलं, मग कोणत्या तोंडाने त्यांना उठवणार होते? तिसऱ्या दिवशी धाप लागली. मग न्यूमोनिया, व्हेंटिलेटर... रजा संपली म्हणून मी धुळ्याला परतले, आणि आठवडाभरात सगळं संपलं.

मी मॅडमना विचारलं, त्यांना खरं सांगितलं असतं तर? "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. वीस वर्षं मी मुलांना कारण आणि परिणाम शिकवते. हे उत्तर मला कुठे लिहायचं तेच समजत नाही. वारा येण्याआधी टेकू लावणारा माणूस... त्याला वारा येतोय हे मी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात रावेरला दवाखान्याची पिशवी रिकामी केली. यंत्र निघालं. धुवायला घेतलं तर नळीच्या तोंडाशी दातांच्या खुणा, खोल, दोन्ही बाजूंनी. दोनदा ओढून एवढ्या होतात?

"तुमच्यासमोर ओढायचे का हो, वहिनी?"

"नही, बाई. कधीच नही."

दुपारी वहिनी जेवायला खाली जायच्या, मी औषधं आणायला. त्या वेळात? म्हणजे त्यांना कळलं होतं? आम्ही घाबरू नये म्हणून तेही गप्प राहिले? की कंटाळून नुसती नळी चावली? मनापासून ओढूनही ते गेले, असं असेल तर मला हलकं वाटावं की आणखी वाईट, तेही ठरत नाही.

यंत्र मी धुळ्याला आणलंय. प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. धुवायचं अजून राहिलंय.