सोळा शिट्ट्यांचा जपानी भात

जपानी माणूस जे जेवण पंधरा मिनिटांत करतो, त्याला कडेगावात साडेतीन तास लागतात. ऐकीव सांगत नाही, स्वतः शिजवून बघितलंय.

आमची पूनम नर्स. तिला जपानात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेची नोकरी लागली. मी फौजेतला रिटायर हवालदार! छाती काढून म्हणालो, "जा पोरी! बाप बर्फात राह्यलाय, तुला काय हुतंय?" (बर्फात बापाचं काय झालं होतं, ते सांगितलं नाही.) पण तिची आई आडवी आली.

"तितलं जेवान हिच्या घशाखाली उतरतंय का बघू. न्हाई उतरलं तर ही जाणार न्हाई!"

"येत्या ऐतवारी करतोच!" मी म्हणालो. परड्यातल्या चुलीवर मटण-कोंबडी मीच करतो, त्यामुळे जपान म्हणजे काय लय अवघड वाटलं नाही.

पूनमनं मोबाईलवर व्हिडिओ लावला. भातावर कोंबडीचे तुकडे आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं. नाव ओयाकोदोन. "आप्पा, कोंबडी म्हंजे आई आन् अंडं म्हंजे लेकरू. दोघं एकाच वाडग्यात."

"अंड्यावर आलेली कोंबडी कापत्यात व्हय कुठं?" तिची आई कडाडली. "माझ्या परड्यात ह्ये चालायचं न्हाई!"

"मग ब्रॉयलर आणू?"

"न्हाई!" लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही नवरा-बायको एका सुरात बोललो. दारात कोंबड्या असताना विकतची आणायची? गाव काय म्हणेल?

राहता राहिला कोंबडा. चार वर्षांचा, मानेनं ताठ, सगळ्या आळीला उठवणारा. "आईच्या जागी बाप!" मी म्हणालो. "बसतंय की!"

व्हिडिओतल्या बाईनं कांदा, सोया सॉस आणि साखरेत तुकडे टाकले आणि पाच मिनिटांत गॅस बारीक केला. पाच मिनिटांनी मी तुकडा दाबून बघितला. तो दबला नाही, माझंच बोट दुखलं. मग कुकर लावला. आठ शिट्ट्या झाल्या.

"शिजला का?"

"दात पडंल, आप्पा."

बाराव्या शिट्टीला शेजारचे तात्या कुंपणावरून डोकावले. "हवालदार, कारखान्याचा भोंगा घरीच बसवला का काय?" सोळाव्या शिट्टीला कांदा नाहीसा झाला होता. कोंबडा मात्र जागचा हलला नव्हता!

शेवटी पोटात कावळे ओरडायला लागले, म्हणून मी तसाच रस्सा कढईत काढून वर अंडी फेटून ओतली. ती अर्ध्या मिनिटात तयार! वाडगं भरून पूनमपुढं ठेवलं. तिची आई तिच्या घशाकडे टक लावून बसली. पोरीनं तुकडे बाजूला सारले आणि भात-अंडं चाटूनपुसून खाल्लं.

"ग्वाड हाय, पण झ्याक हाय!"

"उतरलं," तिची आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "जाऊ द्या तिला."

जिंकलो होतो! आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असं कसं उतरलं? कोंबडा तर तसाच हाय! ह्यो पेपर धरायचा न्हाई. पुढच्या ऐतवारी परत करू. आन् पुढच्या ऐतवारी न्हाई जमलं, तर त्याच्या पुढच्या..."

मग तिची आई हळूच म्हणाली, "आवं, पोरगी तयार हाय. आता तुमीच राह्यलाय."

पूनमला जाऊन सहा महिने झाले. तो कोंबडा दुसऱ्या दिवशी, विसाव्या शिट्टीला शिजला. माझं अजून काही खरं नाही!