किनाऱ्यालगतची पट्टी

इंदूरला समुद्र नाही, तरी माझी नोकरी समुद्राची. इथल्या एका कॉलेजात मी उपग्रहांच्या नोंदींवर काम करते. उपग्रह रडारची लहर खाली सोडतो आणि ती पाण्यावरून परतायला लागलेल्या वेळावरून समुद्राची उंची काढतात. त्यातून भरती-ओहोटी वजा केली की ऋतूप्रमाणे पाणी किती चढतं-उतरतं ते उरतं. किनाऱ्याजवळ मात्र जमिनीवरून आलेली लहर त्यात मिसळते आणि आकडे बिघडतात. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख म्हणाले, "मॅडमजी, किनारे का डेटा कचरा है, उडवून टाका ना. टेन्शन नहीं लेने का." मी किनाऱ्यालगतच्या पट्टीचे आकडे इमानेइतबारे उडवत राहिले. माझं माहेर त्याच पट्टीत होतं.

बाबा निवृत्त शिक्षक, कोकणात खाडीकाठी राहायचे. दर अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढलं त्याची चुन्याची रेघ ते बांधाच्या दगडावर मारत. दसऱ्यानंतर वाडीतली माणसं त्या रेघा बघून बांधावर माती-दगड चढवायची. बांधाच्या आत भाताची शेतं आणि वाडीची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर.

त्या दसऱ्याला त्यांचा फोन आला. "रेघा वीतभर वर गेल्यात गो. बांध वाढवायचा तर आत्ताच हात घालायला हवा. तुझा उपग्रह काय म्हणतो?"

किनाऱ्याचे आकडे वगळून काढलेला आलेख समोर उघडाच होता. "समुद्र दरवर्षीसारखाच आहे बाबा. चुन्याच्या रेघांवर काय विसंबता?" हे मी हसत म्हणाले होते. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

बाबांनी वाडीत सांगितलं, पोरगी वरून बघते, बांध पुरेसा आहे. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. कुणी फावडं उचललं नाही.

दिवाळीच्या अमावास्येला उधाण बांधावरून आत आलं आणि विहीर खारी झाली. माणसं उपसून उपसून थकली, पाण्याची चव काही बदलेना. मी त्या दिवसांचे उडवलेले किनाऱ्याचे आकडे पुन्हा काढून बसले. विभागप्रमुख म्हणाले, "वो तो वैसे भी भरोसे का नहीं था, तुमचा काय दोष?" खरंच होतं ते. पण खाडीचं मला काही कळत नाही, एवढं बाबांना सांगायला कुठला उपग्रह लागत होता? मी बापापुढे शहाणपणा मिरवला.

वाडीत त्यांना तोंडावर कुणी बोललं नाही. ते देवळात आले की गप्पा थांबायच्या, एवढंच. मे महिन्यात ते कायमचे माझ्याकडे आले. नळाला येणारं नर्मदेचं पाणी पितात, पेपर वाचतात, मला कामाचं काही विचारत नाहीत.

यंदा दसऱ्याला ते दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसले होते. बांधाचं विचारायला वाडीतून कुणाचाच फोन आला नाही.