चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही

“ताई, हे चालणार नाही. फार शुद्ध बोलता तुम्ही.”

संस्थेच्या मॅडमनी माझ्या हातातला माइक काढून घेतला. कर्जतचं फार्महाऊस. हिरवंगार लॉन, त्यावर पांढरा मांडव. कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरच्यांना मुंबईच्या एका संस्थेने आनंदमेळाव्याला बोलावलं होतं. जेवणानंतर देणगीदार येणार होते. त्यांच्यासमोर आयांनी बोलायचं होतं. त्याची तालीम चालली होती.

दुःखाची तालीम.

“गावाकडे बोलतात ना तुमच्या, हाय, नाय. तसं बोला. मनातून आल्यासारखं वाटतं. आणि बीए झालात ते नका सांगू. मदत कशाला हवी, असं वाटतं मग लोकांना.” माझ्या साडीकडे बघून त्या म्हणाल्या, “साधी नाही आणली एखादी?”

साडी माझ्या बापाने घेतलेली. बीएच्या निकालाच्या दिवशी.

बाप अशाच एका फार्महाऊसवर माळी होता. लॉनला पाणी घालायचा आणि मला कडेच्या फरशीवरून चालायला लावायचा. “गवतावर पाय ठेवू नको गं, शेठ बघतील.” आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ही भाषा मी शिकून कमावली. घरात मी हाय-नायच बोलते, तीही माझीच. पण कुणाला दया यावी म्हणून ती बाहेर काढायची?

तरी मी गप्प बसले. मुंबईच्या हॉस्पिटलजवळ आम्ही जिथे उतरायचो ती खोली याच संस्थेची. आणि खरं सांगायचं तर, तिथे निदान कुणी आमच्याशी बोलत होतं.

गावात बोलत नव्हतं. आमचं गाव भिवपुरीच्या अलीकडे. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही. न घेता उठला तर समजायचं, वाकडं आलंय. माझी मुलगी सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. पहिल्या औषधांनंतर केस जाऊन घरी आली तेव्हा जाऊबाई बघायला आल्या. पायरीवरच थांबल्या. बिस्किटचा पुडा ओट्यावर ठेवला.

“चहा नको गं, आत्ताच घेतला.”

मग शेजारीण आली. तिनेही आत्ताच घेतला होता. सगळ्या गावाने आत्ताच घेतला होता. कपांवर साय धरायची. सासूबाई कप उचलायच्या आणि मागच्या शेवग्याच्या मुळाशी ओतायच्या. भांडण कुणाशीच नव्हतं. फक्त आमच्या घरचा चहा कुणाला चालत नव्हता.

नवरा खोपोलीच्या कारखान्यात. घरी आला की अंगणात बसायचा. आजाराचं नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. सासूबाई म्हणायच्या, “पोरीसमोर काय बोलू नको.” एका घरात आम्ही तीन मोठी माणसं, आणि तिघंही एकेकटी.

तर, देणगीदार आले. मॅडमनीच माझी ओळख करून दिली. “यांची छोटी समोरच बसलीय. अजून किती दिवस आपल्यात आहे, देवालाच माहीत.”

मुलगी पहिल्या रांगेत आइस्क्रीम खात होती. तिचा चमचा थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती.

मी माइक घेतला.

“मी बीए आहे. माझ्या मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे. औषध लागू पडतंय, असं डॉक्टर सांगतात. पुढचं त्यांना माहीत नाही, मलाही नाही. या मॅडमना तर नाहीच. तिच्या मरणावर तिच्यासमोर बोलायचं असेल तर आधी तिला विचारा.”

एवढंच. रडले नाही. मुलीचा हात धरला आणि निघाले. फरशीवरून नाही. सरळ लॉन तुडवत.

रिक्षात तिने विचारलं, “आई, मी मरणार हाय का?”

आजवर हा प्रश्न विचारायला आम्ही तिच्यासाठी कुणी ठेवलंच नव्हतं.

“माहीत नाय गं. डॉक्टर तुला बरं करायला धडपडतायत. मी पण.”

“मग तू रडत का नाय?”

“तू म्हणशील तर रडते.”

ती रिक्षावाल्याकडे बघून म्हणाली, “हितं नको. घरी गेल्यावर.”

घरी गेल्यावर दोघी रडलो. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. नवरा म्हणाला, “गप बसली असतीस तर काय बिगडलं असतं?” तो घाबरला होता. त्याचं भय खोटं नव्हतं. पुढच्या खेपेला संस्थेच्या खोलीत आमच्यासाठी जागा नव्हती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चादर टाकली, मुलीला कुशीत घेतलं. तिथेच औषधाच्या रांगेत एक बाई भेटली. आमच्या कर्जतकडचीच, कोंडाण्याच्या बाजूची. तिच्या मुलाला हाच आजार.

गावी परतल्यावर तिचं घर शोधत गेले. एकटीच उंबऱ्यावर बसली होती. बस म्हणाली, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. का नाही, ते मला कळलं. तिने विचारायचंच सोडून दिलं होतं.

मी म्हणाले, “चहा टाक गं.”

“घेशील?”

“त्यासाठीच आलेय.”

तिने दूध जास्त घातलं, साखरही. मुलगा आत झोपला होता. मी कप रिकामा केला तेव्हा ती त्या कपाकडेच बघत होती.

पावसाळ्यानंतर तिचा मुलगा गेला. तेरावं झालं तशी माणसं यायची थांबली. मी जाते.

माझ्या मुलीची औषधं चालू आहेत. आमच्या घरचा चहा अजून शेवग्याच्याच मुळाशी जातो. जाऊ दे. कुणाच्या मांडवात उभी राहून मी रडून दाखवणार नाही. कर्जत-खालापुरात असं घर जिथे कळेल तिथे मी जाणार. आजाराला त्याच्या नावाने बोलणार. पोराने विचारलं तर खरं सांगणार. आणि पायरीवर थांबणार नाही. आत जाऊन बसणार, चहा मागणार, आणि कप रिकामा करूनच उठणार.