नाचऱ्या घोडीची नाडी

आसेगावजवळच्या तांड्यावरचा देवमन राठोड वरातीची घोडी पाळतो. त्याची हरणी ताशावर अशी नाचायची, की नवरदेव राहायचा बाजूला आणि लोक तिलाच बघायचे. आता वराती डीजेवर निघतात, नवरदेव उघड्या मोटारीत बसतो. घोडी दावणीला. तांड्यावरचे देवमनला चिडवायचे, नाचणारीला पळता कुठं येतं? ते त्याच्या जिव्हारी लागलं. यंदा मार्चात मंगरूळपीरहून चाळीस किलोमीटरची घोडसवारीची स्पर्धा ठरली, तेव्हा पहिलं नाव त्याने दिलं.

मी गुरांचा डॉक्टर. अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर घोड्यांची नाडी मोजायला मला बसवलं होतं. नियम सोपा. वीस मिनिटांत नाडी चौसष्टवर उतरली तर पुढे जायचं, नाही तर घरी. न उतरलेलं घोडं दामटलं, तर ते रस्त्यात कोसळतं आणि बहुतेक उठत नाही. हे मी आयोजकांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, कस लागला पाहिजे, डॉक्टर. कस लावायला ऊन काय कमी होतं? पण या शहाण्यांनी स्वागताला थांब्यावरच ताशेवाले उभे केले.

हरणी सातवी आली, देवमन पाठीवरून खाली उतरला. घामाने निथळत होती, पण पाय साफ, लंगडणं नाही. नाडी अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांत उतरेल असं मी म्हणतोय, तोच ताशा कडाडला आणि हरणीने पुढचे पाय उचलले.

लोक खूश. मोबाईल निघाले. देवमन एका हाताने लगाम आवरत लोकांना विनवत होता. मी ताशेवाल्याच्या काड्या हिसकून घेतल्या, शिव्याही दिल्या. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. ताशा थांबला. हरणी थांबेना. जागच्या जागी पाय आपटत राहिली. नाडी ब्याण्णव. पाणी मारलं, सावलीत घेतलं. अठ्ठ्याण्णव. बारा मिनिटं गेली होती, आणि पुढच्या टप्प्याचं राहू द्या, मला तिच्या जिवाचीच धास्ती वाटू लागली.

एवढी कसली नाचायची हौस हिला, असं मी वैतागून विचारलं. देवमनचा चेहरा उतरला.

"नाचून नाई राह्यली, डाक्टर. भेऊन राह्यली."

मग त्याने सांगितलं. ती दोन वर्षांची असताना त्याने तिला नाच शिकवला. ताशा वाजवायचा आणि ठेक्याठेक्याला नडगीवर बाभळीची छडी मारायची. सहा महिने. त्याच्या बापानेही असंच शिकवलं होतं. एरवी ती त्याच्या हातचा गूळ खाते. पण ताशा वाजला आणि तो शेजारी असला, की छडी येणार हे तिला पक्कं ठाऊक. बारा वर्षांत ती काही विसरली नव्हती.

मी लगाम मागितला आणि त्याला दूर जायला सांगितलं. तो तिची मान चोळत राहिला.

"मीच गेलो तं तिले कोन हाय?"

"तिले आता तूच नको," मी म्हणालो. इतकं कठोर बोलायला नको होतं, पण वेळ नव्हता.

तो पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभा राहिला. हरणीचे पाय हळूहळू थांबले. नाडी शहाऐंशी. चौऱ्याहत्तर. एकोणिसाव्या मिनिटाला साठ. मान खाली घालून ती पाणी प्याली. मी आकडा सांगितला, घोडी पास झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवमन टँकरमागून धावत निघाला. मी स्टेथोस्कोप तिच्या बरगडीवरून काढला नव्हता. मी हात वर केला. तो थबकला.

"किती?" त्याने तिथूनच विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "सत्तर."

तो आणखी दोन पावलं पुढे आला. "आता?"

"ऐंशी."

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि यादीतून माझं नाव काटा, असं म्हणाला.

उन्हं उतरल्यावर त्याच्या मेहुण्याने, विनोदने, हरणीला सावकाश चालवत तांड्याकडे नेलं. देवमन मागून चालत होता, तिला चाहूल लागणार नाही इतकं अंतर ठेवून.