चढणीला गाडी का थांबत होती

शाळेत दुसरा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, बाई, खेडहून फोन आहे. खेडला माझं एकच माणूस होतं आणि आठ वर्षांत त्यानं कधी फोन केला नव्हता, त्यामुळे ऑफिसपर्यंतचा व्हरांडा ओलांडतानाच मला कळून चुकलं. फोनवर हनीफभाई होते, ज्यांच्या गॅरेजात सुधादादा काम करायचा ते. म्हणाले, "ताई, सकाळी दार उघडलं नाही म्हणून आम्ही फोडलं. झोपेतच गेले." मग त्यांनी विचारलं, घरी आणखी कुणाला कळवू? मी म्हटलं, मी सांगते.

सुधाकर माझा मधला भाऊ. थोरला अण्णा. मी धाकटी, लग्न न झालेली, आणि म्हणून आजवर अण्णाच्या घरात राहिलेली. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की आतल्या बाजूला आमची वाडी. सुधादादाचे दिवस याच घरात केले, अण्णानंच केले, सगळं यथासांग. पाचव्या दिवशी वाडीतले एक वयस्कर गृहस्थ भेटायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "माणूस कष्टाळू होता हो सुधा. ते डिझेलचं तेवढं सोडलं तर..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं. अण्णा समोर बसला होता. त्यानं कप बशीत ठेवला आणि यंदा तुमच्याकडे मोहोर कसा आहे म्हणून विचारलं. मी आत निघून गेले. त्या गृहस्थांनी सोडून दिलेलं वाक्य आज पुरं करायला बसले आहे.

अठ्ठ्याण्णव साली अण्णा आणि सुधादादानं मिळून एक जुना ट्रक घेतला. चालवायचा सुधादादा. एरवी चिऱ्याची वाहतूक आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या नि शेजाऱ्यांच्या आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात न्यायच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन हंगामात गाडी कशेडी घाटात दगा देऊ लागली. भरलेली गाडी अर्धी चढण चढली की जीव सोडायची. अॅक्सिलरेटर पुरा दाबलेला, आणि इंजिन मंद होत होत बंद. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू. त्या एका फेरीत सहा-सात वेळा थांबावं लागलं. वाशीला पोचेपर्यंत दुपार झाली होती, लिलाव उरकले होते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उकाड्यानं पेट्यांतला निम्मा आंबा गेला. पुढच्या फेरीतही तेच. शेजाऱ्यांना तोंड द्यायची पाळी अण्णावर आली, हे खरं आहे. तो गाडी घेऊन शहरातल्या एका गॅरेजवाल्याकडे गेला. त्यानं टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि सांगून टाकलं, यात रॉकेल आहे.

हायवेवर काही ड्रायव्हर डिझेल विकतात आणि टाकीत रॉकेल ओततात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णानं घरी येऊन सुधादादाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगू लागला, पडवीत जेवायला बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी सुधादादाला वाढत होते. त्यानं ताट सारलं नाही. भात संपवला, हात धुतला आणि आत तोंड करून म्हणाला, "गाडी खळ्यातच राहूदे. आठ दिवस द्या मला."

मला मे महिन्याची सुट्टी होती. ते आठ दिवस मी त्याच्याबरोबर होते. तो बॉनेटमध्ये डोकं घालून कान लावायचा आणि मी केबिनमध्ये बसून तो सांगेल तसा अॅक्सिलरेटर दाबायचे. "दाब गो बाय... अजून... सोड." रिकाम्या गाडीचं इंजिन जागेवर कितीही फिरवलं तरी कुरकुर करत नव्हतं. तेव्हा त्यानं परसातले चिरे एकट्यानं गाडीत चढवले आणि वाडीवरच्या चढणीला गाडी घातली. मधल्या वळणाशी ती थांबली. तो हसला. रोग समोर आला याचाच त्याला आनंद. मग रोज एकेक गोष्ट. हवेची गाळणी उघडली, त्यात चिऱ्याची लाल धूळ चिखलासारखी बसलेली, ती साफ केली. गाडी थांबलीच. डिझेलचा फिल्टर बदलला. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. इंजिनात तेल भरायच्या तोंडातून धूर येतो का ते पाहिलं, म्हणजे पिस्टन झिजलेत का कळतं. ते चांगले होते. संध्याकाळी पायरीवर बसून तो मला समजावून सांगायचा. मी शिक्षिका, पण असं समजावणं मला कधी जमलं नाही. "हवा कमी पडली असती तर काळा धूर ओकली असती. ही धूरच टाकत नाही. म्हणजे हिला खायलाच मिळत नाही."

सहाव्या दिवशी त्यानं टाकीखालचा बूच उघडून त्याच टाकीतलं डिझेल एका कॅनमध्ये काढलं. कॅन केबिनमागे उंच बांधला आणि रबरी नळीनं तो सरळ इंजिनाच्या पंपाला जोडला. टाकी पूर्ण बाजूला. मी शेजारी बसले. चिऱ्यांनी भरलेली गाडी ती सगळी चढण न थांबता चढून गेली, वर सड्याच्या मोकळ्या माळावर पोचली. त्यानं इंजिन बंद केलं. "बाय, डिझेल तेच हां. टाकीतलंच. त्यात रॉकेल असतं तर आतासुद्धा थांबली असती." रॉकेलची गोष्ट त्याच्या तोंडून मी तेव्हा एकदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी टाकी उघडायची होती. त्यानं अण्णाला हाक मारली. अण्णा ओटीवर पेपर वाचत होता, म्हणाला, तुमचं चालूदे. मग मी आणि तो, दोघंच. त्यानं उरलेलं डिझेल काढून घेतलं, तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून आत फिरवला आणि एक काळं, बुळबुळीत फडकं बाहेर ओढलं. इंजिन जोरात डिझेल ओढू लागलं की ते आतल्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचं, आणि गाडी बंद झाली की सुटून खाली पडायचं. इतकं साधं. त्यानं ते पिळलं आणि कुंपणाच्या गडग्यावर पसरलं. पंच्याचा तुकडा होता. एका कडेला निळ्या दोऱ्याची टीप होती, वहिनीच्या हातची. हंगामाच्या सुरुवातीला टाकीच्या तोंडाची जाळी तुटली म्हणून अण्णानं आपल्या जुन्या पंच्याचा तुकडा तोंडाला लावून पिंपातलं डिझेल स्वतः ओतलं होतं. तो ओतत असताना मी तिथेच उभी होते; तोच तुकडा निसटून आत गेला असणार. सुधादादानं टीप पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

दुपारी जेवताना त्यानं एवढंच सांगितलं, टाकीत फडकं होतं, निघालं. कुणाचं ते बोलला नाही. अण्णानं विचारलं, टाकी उघडताना कोण होतं? तो म्हणाला, बाय होती. अण्णा माझ्याकडे वळला.

"ते आधीपासून आत होतं, की ह्यानंच टाकलं?"

मी म्हटलं, "मी केबिनमध्ये होते. मला नीट दिसलं नाही."

का म्हटलं, याची कारणं गेल्या काही आठवड्यांत मी पुष्कळ शोधली. एकच खरं आहे. मला त्या घरात राहायचं होतं. सुधादादानं मान वर केली नाही. आमटी वाढून घेतली, जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चिरे उतरवले, किल्ली खुंटीला लावली आणि एसटीनं खेडला गेला. जाताना मला म्हणाला, गाडीत आता दोष नाही, अण्णाला सांग टाकीला जाळी बसव. मी निरोप दिला. अण्णानं त्याच आठवड्यात जाळी बसवून घेतली... बसवून घेतली, आणि वाडीत मात्र रॉकेलचीच गोष्ट राहू दिली. नवा ड्रायव्हर आला. गाडी पुढे दोन हंगाम झकास चालली.

सुधादादा परत आला नाही, गणपतीलाही नाही. मध्ये एकदा मी शिक्षकांच्या शिबिराला निघाले असताना मी आधी पत्र टाकलं होतं म्हणून खेडच्या डेपोत तो भेटायला आला. आम्ही चहा घेतला. त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, शाळेचं विचारलं. माझी गाडी लागेपर्यंत वीस मिनिटं होती. बोलायला एक मिनिट पुरलं असतं.

तेराव्यानंतर त्याचं सामान आणायला मी एकटीच खेडला गेले. सामान म्हणजे एक ट्रंक आणि पान्यांची पेटी. हनीफभाईंनी खुर्ची दिली, सरबत मागवलं. मग सांगू लागले, "ताई, असा माणूस मला परत मिळायचा नाही. आठ वर्षांत एकदाही त्यानं कुणाच्या टाकीचं झाकण एकट्यानं उघडलं नाही. मालकाला बोलवायचा, समोर उभा करायचा, आत वाकून बघायला लावायचा, मगच हात घालायचा. मालक नसला तर गाडी दिवसभर तशीच. गिऱ्हाइकं वैतागायची. मी म्हणायचो, अरे सुधाकर, तुझ्यावर कोण संशय घेणार? तर नुसता हसायचा. फार सचोटीचा माणूस."

ते माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून. मी सरबत संपवलं, त्यांचे आभार मानले आणि ट्रंक रिक्षात ठेवायला सांगितली.