साहेबांचा आमदार

विजयाची मिरवणूक मारुतीच्या देवळाशी आली आणि जीप थांबली. साहेबांचा पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "आमदार, तुम्ही हितंच थांबा. गावाची रीत हाय."

निवडून मी आलो होतो. हार माझ्या गळ्यात होते. नारळ पुतण्यानं फोडला, गुलाल त्यानं घेतला, लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं. मी रस्त्याच्या कडेला. कागदावर मी हिंदू महार, मनानं बौद्ध; मारुतीशी माझं देणंघेणं नव्हतं. पण मिरवणूक माझी होती. ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. मी हसत होतो. त्या हसण्याची आजही किळस येते.

माझं गाव गोदाकाठचं, नोकरी मनमाडला रेल्वेत. मतदारसंघ राखीव झाला तेव्हा तालुक्याचं राजकारण चालवणाऱ्या साहेबांना आमच्यातला एक माणूस हवा होता. न बोलणारा. त्यांनी मला उचललं, नोकरी सोडायला लावून तिकीट दिलं. आणीबाणी आली, गेली. सरकारं बदलली. मी निवडून येतच राहिलो. विधानसभेत साहेब सांगतील तेव्हा हात वर, नाहीतर खाली. लोक मला साहेबांचा आमदार म्हणायचे. मला तो मान वाटायचा.

मग जवळच्याच एका गावात आमच्या समाजाच्या वस्तीनं मजुरी वाढवून मागितली. गावानं बहिष्कार घातला. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना. मजुरी मागण्यात वस्तीतल्या भागाबाईचा नवरा पुढं होता; पुतण्यानं माणसं घालून त्याचा हात मोडला. भागाबाईनं पोलिसांत तक्रार दिली. साहेबांनी मला बोलावलं आणि तक्रार मागं घ्यायला लाव म्हणून सांगितलं.

मी गेलो. समाजमंदिरात सगळी वस्ती जमली होती. याच गावात राहायचंय, मिटवून टाका, असं काहीबाही बोलत राहिलो. भागाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यो साहेबाचा निरोप झाला. आमचा आमदार कधी येनार हाय?"

कुणी हसलं नाही.

"तक्रार मागं घेऊ नका," मी म्हणालो. "साक्षीला माझं नाव घाला. निरोप कुणाचा, ते मी कोर्टात सांगतो."

तिकीट गेलं. अपक्ष उभा राहिलो, पडलो. जुने कार्यकर्ते रस्ता बदलून जायला लागले. बायको म्हणाली, इतकी वर्षं गप्प होता, आता कुणासाठी? मी म्हणालो, माझ्यासाठी.

खटला नाशिकच्या कोर्टात चालला. पुतण्याचा वकील मला म्हणाला, तिकीट कापलं म्हणून सूड उगवताय. साहेब मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे बोट केलं. "तक्रार मागं घ्यायचा निरोप यांनी दिला. पोचवला मी. दोघांचीही नावं लिहून घ्या."

साहेब उठून गेले.

निकाल अजून लागायचा आहे. पुतण्या सुटेलही. सुटला तर वरच्या कोर्टात जाऊ. तिथंही मी हेच सांगणार, माझ्या नावासकट.