कण्हेरीवरचा गुलाल

ती वर्दी आठवली की आजही अंगावर काटा येतो. पन्हाळ्याखालच्या एका गावातली बाळंतीण दवाखान्यात अत्यवस्थ होती, नाडी मंदावलेली. सासूने तिला धायटीच्या फुलांचा काढा पाजला होता. सासूनेच विष घातलं, अशी तक्रार माहेरच्यांनी ठाण्यात दिली.

जबाबाला म्हातारी ताठ बसली. काढा कुणी पाजला, विचारलं.

"म्याच की. अंगावरनं लई जात हुतं तिचं. घाला मला आत, पर पोरगी वाचू दे."

कबुली आयती मिळाली होती. पण विष घालणारी बाई उरलेली पुडी डब्यात जपून ठेवील का? पंचनामा करून पुडी सील केली. ती कोल्हापुरातल्या ज्या दुकानातून आणली होती तिथलाही नमुना घेतला आणि दोन्ही प्रयोगशाळेत पाठवले.

अहवालाची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. मी स्वतःच तिथे जाऊन धडकलो. परीक्षक बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मला नुसता लाल चुरा दिसला.

"यात दोन फुलं आहेत, साहेब. धायटी आणि तांबडी कण्हेर."

कण्हेर म्हणजे जहर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मग त्यांनी क्रोमॅटोग्राफीची काचपट्टी दाखवली. अर्क तिच्यावर चढताना त्यातला एकेक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. घरच्या पुडीचे पट्टे दुकानातल्या मालाशी तंतोतंत जुळत होते. एक गुलाबी पट्टा मात्र कुठल्याच फुलाचा नव्हता.

"हा गुलालाचा रंग. कण्हेरीच्या पाकळ्यांनाच चिकटलाय. म्हणजे देवाला वाहिलेलं फूल."

मी थक्क झालो. चिमूटभर चुऱ्यातून त्यांनी फूल तर ओळखलंच, ते देवावरून उतरलंय हेही ओळखलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा खरा साक्षीदार मला भेटला नव्हता.

दुकानदार तोवर कानांवर हात ठेवत होता. मी एवढंच म्हणालो, "निर्माल्य कुठनं उचलता, पावणं?"

मग त्याने सगळं कबूल केलं. उदबत्तीसाठी वाळवलेलं निर्माल्य तो वजन वाढवायला धायटीत मिसळायचा.

"देवाचं फूल हाय, त्यानं काय हुतंय वाटलं, सायेब."

सून वाचली. आता तुमच्यावर संशय नाही, असं मी म्हातारीला सांगितलं, तर म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. सुनंला सांगा. माझ्या हातचं पाणी घेत न्हाय ती."

गुन्हेगार सापडला की तपास संपला, असं मी तोवर धरून चाललो होतो. म्हातारीला घेऊन दवाखान्यात गेलो आणि सुनेला सगळं समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग सासूकडे वळली.

"आत्ती, पाणी द्या की."

तपास पूर्ण झाला तो तिथे.